दीड वॉटाची जवारी

मिरजेत तंबोरा बांधून झाला म्हणजे तो बोलू लागला असे नाही. भोपळा, दांडी, खुंट्या, तारा सगळे जागेवर असते, तरी तार छेडली की कोरडा टणत्कार निघतो. मग जवारी काढणारा कारागीर घोडीपाशी कानस घेऊन बसतो. घोडीचा माथा हलक्या हाताने घासायचा, तार छेडून ऐकायची, पुन्हा घासायचा. सपाट दिसणाऱ्या त्या माथ्याला तो इतका बारीक उतार देतो की कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवून त्याची जागा सापडली, की त्याच तारेतून उपस्वरांचा घोळका बाहेर पडतो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

या घोडीने चंद्रशेखर वेंकट रामन यांचेही लक्ष वेधले होते. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर उमटू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोरा आणि वीणा तो जुमानत नाहीत, असे रामन यांनी १९२१ मध्ये मांडले. न उमटणारे स्वरही या घोडीवर उमटतात.

आता हीच गोष्ट ध्वनियंत्रणा तयार करणाऱ्या इंजिनिअरला सांगा. आत गेले त्यात नव्हते असे काही बाहेर आले, तर त्याच्या लेखी ते डिस्टॉर्शन, म्हणजे दोष. कारखान्यातून निघणारा प्रत्येक अॅम्प्लिफायर हा दोष किती कमी आहे हे छातीठोकपणे सांगतो. आणि तरीही, ज्यांच्यात हा दोष ढळढळीतपणे मोजता येतो असे व्हॉल्व्हचे छोटे अॅम्प्लिफायर हौशी माणसे आजही घरी बसून तयार करतात आणि त्यांचा आवाज ‘गोड’ असल्याचे सांगतात. हा गोडवा खरा की वयानुसार येणारी हळहळ? सातारा-सांगली पट्ट्यात बसून याची तपासणी करण्यात एक औचित्य आहे. ज्या गावाने डिस्टॉर्शनवर पोट भरले, त्या गावाचे कान या बाबतीत साक्षीदार म्हणून बोलवायला हवेत.

आधी यंत्र. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली. आत तापणारी कॅथोड, तिच्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन ओढून घेणारा अॅनोड, आणि दोघांच्या मध्ये तारेची जाळी, तिला ग्रिड म्हणतात. पाटाचे दार बोटभर हलवले तर शेतातले पाणी बदलते, तसे ग्रिडवरचा व्होल्टेज जरासा हलला की अॅनोडचा मोठा प्रवाह हलतो. फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला, डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात तिसरे टोक घातले, तो ट्रायोड. पुढची पन्नास वर्षे रेडिओ, सिनेमा, टेलिफोन सगळे या नळीवर चालले.

छोट्या अॅम्प्लिफायरसाठी हौशी मंडळींचा लाडका व्हॉल्व्ह म्हणजे ईएल८४. बोटाएवढा, नऊ पिनांचा. २५० व्होल्टवर ४८ मिलिअँपिअर खातो, म्हणजे अॅनोडवरच बारा वॉट. शिवाय फिलामेंटला ६.३ व्होल्टवर पाऊण अँपिअर, आणखी जवळजवळ पाच वॉट. या बदल्यात तो देतो पावणेसहा वॉट, तेही दहा टक्के डिस्टॉर्शनसह; हे त्याच्या डेटाशीटमध्येच छापलेले आहे. त्याची दुसरी ग्रिड अॅनोडला जोडून ट्रायोड करून वापरला, तर हाती येतात जेमतेम दोन वॉट. त्यातून ट्रान्सफॉर्मरची गळती वजा करा. दीड वॉट! मोबाइलच्या चार्जरवर चालणारी नखाएवढी चिप याच्या दुप्पट वॉट देते आणि गरमही होत नाही. व्यवहार बघणाऱ्याने इथेच वाचणे थांबवायला हरकत नाही.

पण दीड वॉट म्हणजे किती हे डॉल्बीच्या भिंतींनी आपल्याला विसरायला लावले आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत हजारो वॉट छातीवर घेणाऱ्या माणसाला दीड वॉट हा विनोद वाटेल. बऱ्यापैकी स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर नव्वद डेसिबलच्या आसपास आवाज देतो. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे माजघरात बसून गाणे ऐकायला वॉटाचा दहावा भागसुद्धा पुरून उरतो. डिस्टॉर्शनचेही तसेच. दहा टक्क्यांचा आकडा व्हॉल्व्ह पूर्ण पिळला तेव्हाचा. हळू आवाजात तो झपाट्याने खाली येतो.

सातारा-सांगलीने तर याहून छोटे आवाज ऐकले आहेत. १९४९ मध्ये पटवर्धनांची संस्थाने आणि साताऱ्याचे काही तालुके मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे सांगली असे नामकरण झाले. मधल्या अकरा वर्षांत इथल्या बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. उजेडाला ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आणि बातम्यांना बॅटरीवरचा रेडिओ, असा जोड होता. त्या रेडिओतले डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६, डीएल९६ हे व्हॉल्व्ह म्हणजे काटकसरीचा नमुना. फिलामेंटला १.४ व्होल्ट आणि पंचवीस मिलिअँपिअर, फक्त शेवटच्याला पन्नास. अॅनोडला नव्वद व्होल्टची कोरडी बॅटरी, पुडक्यासारखी. स्पीकरला मिळायचा साधारण एक पंचमांश वॉट, आणि त्याभोवती अख्खी आळी बसायची.

१९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. वीस कार्यक्रम, आठवड्याला दोन. गावाने एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायची, शंका केंद्राकडे पाठवायच्या. माथुर आणि न्यूराथ यांनी त्यावर लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला आणि तो पुढे जगभर वाचला गेला. त्याच्या पानोपानी शेती आहे, ग्रामसुधारणा आहे. ज्या यंत्रावर हे सगळे उभे होते, त्या व्हॉल्व्ह सेटबद्दल कोणाला फारसे कौतुक नसावे, आणि ते साहजिकच होते. बैल चांगला चालत असेल तर त्याच्या खुराकडे कोण बघतो?

सांगलीला स्वतःचे आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये मिळाले. तोवर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्ह काढायला सुरुवात केली होती, १९६१ मध्ये. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, त्याच कंपनीने जर्मेनियमचे अर्धवाहकही काढायला घेतले. म्हणजे देशी व्हॉल्व्ह जन्मला तेव्हाच त्याचा वारसदार पाळण्यात होता. ठाण्याच्या मर्फीसारख्या कारखान्यांचे सेट घरोघर आले, हिरवा डोळा मिचकावू लागले, सांगली केंद्रावर काटा लावला की अर्ध्या मिनिटाने तापून बोलू लागले. मग ट्रान्झिस्टर आले आणि हे सगळे सेट माळ्यावर गेले.

आजचा छोटा अॅम्प्लिफायर याच माळ्यावरून खाली येतो. नवे व्हॉल्व्ह मिळतात, पण ते काढणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: रशियात सारातोव्ह, स्लोव्हाकियात चाडत्सा, आणि चीन. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या सुरुवातीला रशियाने निर्यात अडवली, तेव्हा जगभर भाव भडकले. त्यामुळे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा पासोड्या विठोबापाशी एखाद्या दुकानाच्या मागच्या खोक्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेला ईएल८४ सापडला, तर तो घासाघीस न करता घ्यावा, असे माझे मत.

व्हॉल्व्हपेक्षा खरी अडचण ट्रान्सफॉर्मरची. व्हॉल्व्हला पाच हजार ओहमचे ओझे हवे असते आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो: एका बाजूला अडीच हजार वेढे, दुसरीकडे शंभर. या भागात वायंडिंग करणाऱ्यांना तोटा नाही. ऊस आहे तिथे पंप आहे, पंप आहे तिथे जळणारी मोटार आहे, आणि म्हणून कराड असो की तासगाव, मोटार वायंडिंगची दुकाने ओळीने दिसतात. त्यांचा हात तांब्यावर बसलेला असतो. तरी या कामात दोन ठिकाणी त्यांना थांबवून सांगावे लागते. एक, तार अडतीस गेजची, केसासारखी. मोटारीच्या तारेचा ताण तिला दिला की ती तुटते. दुसरे जास्त महत्त्वाचे. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ई आणि आय आकाराच्या पत्त्या आलटून-पालटून भरतात, म्हणजे लोखंडात फट राहत नाही. इथे नेमके उलटे हवे. व्हॉल्व्हचा अठ्ठेचाळीस मिलिअँपिअर डी.सी. प्रवाह सतत वेढ्यांतून जात असतो. फट नसेल तर लोखंड त्यानेच भरून जाते आणि गाण्याला जागाच राहत नाही. म्हणून सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या, आणि दोन्हींच्या मध्ये वहीच्या कागदाचा एक पापुद्रा. चांगल्या कारागिराला हे सांगताना संकोच वाटतो, कारण त्याच्या धंद्यात फट म्हणजे हलगर्जीपणा.

पॉवर सप्लायला स्वस्तातली एक युक्ती चालते. बारा व्होल्टचे दोन साधे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडायचे. पहिला २३० चे बारा करतो, दुसरा बाराचे पुन्हा दोनशेच्या पुढे नेतो. मधल्या बारा व्होल्टवर योग्य ते फिलामेंट पेटतात, पलीकडे अॅनोडचा व्होल्टेज मिळतो आणि घरातल्या लाइनशी थेट संबंध राहत नाही. फिलामेंटच्या तारांना पीळ द्यायचा, सगळे अर्थ एका बिंदूवर आणायचे, फिल्टरचा कंडेन्सर कंजूषपणा न करता घालायचा. नाहीतर गाण्याच्या आधी हमिंग बोलते.

इथे जरा कडक बोलायला हवे. या डब्यात तीनशे व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. शंभर मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर दोनशेवीस किलोओहमची एक वॉटाची रेझिस्टन्स कायमची लावून ठेवली, तर दोन मिनिटांत तो रिकामा होतो. ती न लावलेला डबा उघडू नये आणि लावली असली तरी मीटरने पाहिल्याशिवाय बोट घालू नये. एक हात खिशात ठेवून काम करायची जुन्या मेकॅनिकांची सवय ही ऐट नव्हती. ज्याला हे सगळे नको, त्याने बॅटरीवरचे डीएल९६ किंवा रशियन पेन्सिल व्हॉल्व्ह घ्यावेत, हेडफोनपुरता अॅम्प्लिफायर करावा. त्यातला १जे२४बी नावाचा तर १.२ व्होल्टवर तेरा मिलिअँपिअर खातो.

आता मूळ प्रश्नाकडे. गोडवा कुठून येतो?

ट्रायोड करून वापरलेला एकटा व्हॉल्व्ह मुख्यतः दुसरा उपस्वर वाढवतो. सा दिला तर वरचा सा थोडासा मिसळून परत देतो. तंबोऱ्याच्या उपस्वरांत मुरलेल्या कानाला यात परके काही नाही. हौशी लेखन साधारण इथे थांबते, गोडव्याची कृती सांगून मोकळे होते. पण दोन स्वर एकदम गेले की दुसरी एक गोष्ट घडते आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. तोच वाकडेपणा त्या दोन स्वरांची बेरीज आणि वजाबाकी तयार करतो, आणि हे नवे स्वर त्या गोड उपस्वराच्या दुप्पट मोठे असतात. हे गणित आहे. आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

तंबोऱ्यावर हे करून पाहा. खर्जाला दोन मानले तर मंद्र पंचम तीन आणि जोडीचे षड्ज चार. व्हॉल्व्हने तीनातून दोन वजा केले: एक, म्हणजे खर्जाखालचा षड्ज. दोन अधिक चार: सहा, वरचा पंचम. तीन अधिक चार: सात, तंबोऱ्यात मुळातच असणारा तो जरा उतरलेला निषाद. आणि दोन अधिक तीन: पाच. जोडीच्या षड्जाशी पाचास चार, म्हणजे शुद्ध गंधार! जो गंधार तारेवर लावलेला नसतो आणि चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून ऐकू येतो, तोच व्हॉल्व्हही आपल्या पदरचा घालतो. बेरजा-वजाबाक्या कराल तेवढ्या करा, सगळे आकडे पूर्णांकच निघतात, एकही स्वर घराबाहेर पडत नाही. नीट जुळलेला तंबोरा छोट्या व्हॉल्व्हवर आणखी भरल्यासारखा वाटतो, तो भास नाही.

मग पेटी लावा. सा २४० हर्ट्झ धरू. गळ्यातला शुद्ध गंधार ३००. बेरीज ५४०, म्हणजे नेमका तार ऋषभ. वजाबाकी ६०, म्हणजे दोन सप्तके खालचा सा. आजच्या पेटीचा गंधार मात्र समान भागांत कापलेला, ३०२.४. त्याची वजाबाकी ६२.४, खालच्या सापासून अर्ध्या स्वराच्या दोन तृतीयांश चढलेली. बेरीज ५४२.४, आणि पेटीचा स्वतःचा तार ऋषभ ५३८.८. हे दोघे शेजारी वाजले की एकमेकांना ढकलत राहतात. म्हणजे व्हॉल्व्ह पेटीचा बेसूरपणा लपवत नाही, चव्हाट्यावर आणतो. खालचा साठचा गोंधळ छोट्या स्पीकरातून जेमतेम ऐकू येतो, हे आपले नशीब.

हा पेटीचा गंधार या मातीत शंभर वर्षांपूर्वीच वादात सापडला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारेवर लांब्या मोजून श्रुतींचे आकडे काढले. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांच्यासाठी गळा मोजायला दिला. १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचे देवलांचे इंग्रजी पुस्तक आले. इंग्रज सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना सामील झाले, आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून त्यांनी श्रुतींची पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून रण माजले. पेटी चालली नाही. श्रुती नेमक्या बावीसच का, याचे उत्तर देवलांच्या आकड्यांत आहे असे मला वाटत नाही. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांचा या आकड्यांवरचा आक्षेप रास्त होता. पण कानाला जे वाटते ते मोजून पाहावे, आणि मोजलेले पुन्हा कानाला विचारावे, ही देवलांची रीत मात्र आज व्हॉल्व्हची भक्ती करणाऱ्यांना शिकवण्याजोगी आहे. कारण या छंदात भाबडेपणा भरपूर. व्हॉल्व्हच्या पिनांवर सोन्याचा मुलामा, तारेला दिशा असते म्हणून बाण काढलेली केबल, असे काय काय विकले जाते.

आणि फसवणूकही. घरपोच येणाऱ्या स्वस्त चिनी संचांत ६जे१ नावाचे दोन व्हॉल्व्ह असतात. ते पंचवीस-तीस व्होल्टवर कसेबसे चालवलेले, खरे काम मागे एखादी चिप करते. फिलामेंटचा उजेड पुरेसा दिसत नाही म्हणून व्हॉल्व्हच्या बुडाशी नारिंगी किंवा निळा एलईडी बसवलेला असतो. कॅथोडच्या मंद तांबूस उजेडाला रंगमंचावरची लायटिंग! तो संच बंद पडला तर हरकत नाही. सोल्डरिंगला हात बसवायला बरा आहे. जपानी कॉर्ग कंपनीने २०१५ मध्ये दाखवलेला न्यूट्यूब मात्र प्रामाणिक प्रकार. घड्याळाच्या हिरव्या आकड्यांच्या काचपट्टीच्या तंत्राने केलेला तो ट्रायोड आहे आणि नेहमीच्या व्हॉल्व्हच्या मानाने अगदीच कमी वीज घेतो.

माझा निवाडा असा. छोटा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर खरा आवाज देत नाही, स्वतःचा आवाज देतो. एक गळा, एक तंबोरा, सारंगी, जुन्या तबकड्यांवरचे मोनो ध्वनिमुद्रण, यांना तो शोभतो. औंधच्या संगीत महोत्सवासारख्या मैफलीचे घरी केलेले ध्वनिमुद्रण दीड वॉटावर ऐकणे हा आनंद आहे. वाद्यवृंद, बँड, चित्रपटातली भरगच्च गाणी यांचा तो चिखल करतो, कारण तिथे बेरजा-वजाबाक्यांना घर उरत नाही. सगळे एकाच डब्यात ऐकायचे असेल तर चिप घ्यावी आणि समाधानी राहावे.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एक विनंती, आणि ती दिवाळीच्या साफसफाईच्या आत पोचावी. माळ्यावरचा जुना सेट खाली काढलात तर ‘चालतो का बघू’ म्हणून थेट प्लगला लावू नका. आधी मागचा पुठ्ठा काढून व्हॉल्व्हवरची नावे वाचा. ती यू अक्षराने सुरू होत असतील, यूसीएल८२, यूएल८४ अशी, तर तो एसी-डीसी सेट आहे. त्याची पत्र्याची चासी थेट लाइनला जोडलेली असते आणि तिला हात लावणे जिवावर बेतू शकते. नावे ई ने सुरू होत असली तर बरे, तरी जुने कंडेन्सर बदलल्याशिवाय वीज देऊ नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांवर गेले, तेव्हा सांगलीत जे भिजले त्यात असे सेटही होते. वरून सुकलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या आतला कागद सुकलेला नसतो. मोटार वायंडिंगवाल्याकडून मेगर, म्हणजे इन्शुलेशन तपासायचा मीटर, लावून घ्या. आणि सेट मोडायचाच ठरला, तर भंगारवाल्याने यायच्या आत स्पीकर, पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि काड्यापेटीएवढा दिसणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर सोडवून ठेवा. त्यातल्या तांब्याची किंमत फार तर चहापुरती येते, आणि तसा तयार ट्रान्सफॉर्मर आज तालुक्याच्या गावात कुठल्याही दुकानात मिळत नाही.